नुसती सरासरी

गोकुळ सरांच्या पेपरात सरासरी अचूक काढली तरी दहातले दोनच मार्क मिळतात. उत्तराखाली लाल पेनाने एकच शेरा असतो: 'पुढे काय?' त्यावरून मुलांनी त्यांचं नाव 'पुढेकाय सर' पाडलं आहे. सरांना ते ठाऊक आहे, आणि त्यांनी ते कधी मनावर घेतलेलं नाही.

आमचं कॉलेज मंचरला, हायवेपासून जरा आत. मी तिथे मराठी शिकवते आणि गोकुळ सर बीकॉमच्या पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी आहेत. इतक्या वर्षांत माझं त्यांच्याशी एकदाच भांडण झालं आणि त्या भांडणातच हा माणूस मला कळला. तोवर मी त्यांना नुसते भिडस्त समजत होते.

भिडस्त तर ते आहेतच. जवळच्याच एका गावातले, बटाटा-कांद्याच्या घरातले, गावातून एमएस्सी झालेले पहिले. त्यामुळे गावाला काहीही मोजायचं असलं की सरांना बोलावणं येतं. पतसंस्थेचा अहवाल असो, कुणाच्या मुलीचे मार्क असोत, यंदा बटाटा एकरी किती निघेल हा प्रश्न असो. 'आमच्या गोकुळला इचारा' असं कुणी म्हटलं की हा माणूस विरघळतो. नाही म्हणणं त्यांना जमत नाही. एकदा तर एका लग्नात किती जिलबी लागेल याचा अंदाज काढून द्यायला त्यांनी कॉलेजातून अर्धी रजा टाकली होती. मी तेव्हा त्यांची भरपूर चेष्टा केली.

शिकवायचे मात्र झकास. वर्गाबाहेरून जाताना मी कितीदा तरी थांबून ऐकलं आहे. "समजा दोन एसटी आहेत," ते सांगायचे. "एक रोज दहा मिनिटं उशिरा येते. दुसरी कधी अर्धा तास आधी येऊन निघून जाते, कधी अर्धा तास उशिरा. सरासरी काढली तर दुसरी अगदी वेळेवर. आता सांगा, तुम्ही कुठल्या एसटीच्या भरवशावर परीक्षेला जाल?" मुलं हसायची. मग ते फळ्यावर वळायचे. सरासरी म्हणजे मधली जागा. त्या जागेपासून प्रत्येक आकडा किती लांब पडला ते म्हणजे विचलन. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान आकड्यातलं अंतर म्हणजे विस्तार. मला गणिताचा पहिल्यापासून तिटकारा, पण एवढं मला त्या दारात उभं राहून कळलं.

मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यानंतर ते बदलले. एसटीचं उदाहरण बंद झालं. हसणं बंद झालं. आणि मार्क कापणं सुरू झालं.

आमचं भांडण सोनलवरून झालं. घाटघरकडची मुलगी, जुन्नरला हॉस्टेलवर राहून रोज एसटीने मंचरला येणारी. तिने सहामाहीच्या पेपरात सरासरी बरोबर काढली आणि विचलनाला वेळ उरला नाही. सरांनी त्या प्रश्नाला शून्य दिलं. दोनसुद्धा नाहीत. ती माझ्यापाशी येऊन रडली आणि माझं डोकं फिरलं.

"सर, ही कुठली पद्धत?" मी स्टाफरूममध्येच सुरू झाले. "पोरीने अर्धं गणित बरोबर केलंय. अर्धे मार्क द्यायला काय जातं तुमचं?"

"अर्धं सांगितलं तर ते खोटंच असतं, मॅडम."

"अहो, सरासरी खोटी कशी असेल? आकडे तर खरेच आहेत."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आकडे खरे असतात," ते म्हणाले, "म्हणून तर पकडलं जात नाही." आणि मग खोलीत दुसरं कुणी नाही हे बघून त्यांनी मला ते सगळं सांगितलं.

गोकुळ सरांचे चुलते गेणभाऊ, सर त्यांना नाना म्हणतात, हे नावाजलेले गाडामालक. आमच्याकडे यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यती होतात. टेकडीला चढती धाव बांधलेली असते, तिला घाट म्हणतात. एका वेळी एकच गाडा सुटतो. चार बैल, गाड्यावर माणूस नाही, आणि बैलांच्या पुढे एक घोडीवाला घोडी पळवत जातो. तिच्या मागे बैल झेप घेतात. किती सेकंदांत गाडा वर पोचला त्यावर नंबर ठरतो. एका गाड्याच्या धावेला बारी म्हणतात. सगळा खेळ दहा-बारा सेकंदांचा, आणि त्यासाठी माणसं वर्षभर बैलांना पोरांसारखं जपतात.

गेणभाऊंच्या गाड्याला पुढच्या जोडीत हौश्या नावाचा बैल होता. वयाने थोराड, पण घड्याळ लावून घ्यावं असा पळणारा. त्या वर्षी गेणभाऊंनी पाखऱ्या हा कोवळा, तिखट बैल आणला. यात्रा तोंडावर आली तशी दोघांपैकी कोण जुंपायचा यावरून घरात दोन तट पडले. तेव्हा गेणभाऊ म्हणाले, "भांडता कशाला? घरात शिकलेला माणूस हाय. गोकुळ, तू हिशेब काढ. तू म्हणशील त्यो बैल."

सराव झाला. आधी हौश्याला जुंपून बाऱ्या काढल्या, मग पाखऱ्याला. सरांनी मोबाइलवर वेळ लावली. हौश्याच्या बाऱ्या सगळ्या साडेबारा सेकंदांच्या आसपास. एखादी किंचित पुढे, एखादी किंचित मागे. पाखऱ्याची पहिली बारी अकरा सेकंद वीस. लोकांनी टोप्या उडवल्या. दुसरी तेरा सेकंद साठ, कारण बैलाने मध्येच उजवीकडे ओढ घेतली आणि गाडा कडेला गेला. तिसरी पुन्हा अकरा तीस. चौथी पुन्हा वाकडी, तेरा पन्नास. पाचवी अकरा नव्वद.

"सरासरी बारा सेकंद तीस आली," सर मला सांगत होते. "हौश्याची बारा पन्नास. पाखऱ्या पुढे. मी तिथेच, मारुतीच्या पारावर उभा राहून सांगितलं. लोकांनी मला खांद्यावर घ्यायचं बाकी ठेवलं होतं."

"मग? ते खरंच होतं ना?"

"खरं होतं. पण मी तेवढ्यावर थांबलो नव्हतो, मॅडम. सवयच आहे. बोट आपोआप पुढे गेलं. मी प्रमाण विचलनही काढलं होतं. हौश्याचं एका सेकंदाचा दहावा हिस्सासुद्धा भरत नव्हतं. पाखऱ्याचं सेकंदाच्या वर गेलं. बारा सेकंदांच्या खेळात एक सेकंद म्हणजे काय ते मला कळत होतं. ती वेळ बैल हळू पळाल्यामुळे जात नव्हती, आडवा गेल्यामुळे जात होती. हे मी बघितलं, आणि मोबाइल खिशात टाकला."

"का?"

"सगळे खूश होते," ते म्हणाले.

मला राग आला होता, तो एकदम कुठे गेला ते कळलं नाही. हे उत्तर मी ओळखत होते. जिलबीचा अंदाज काढून देणाऱ्या माणसाचंच ते उत्तर होतं.

घोडीवर बसणारा होता हमदान. जुन्नरच्या अमजदभाईंचा मुलगा. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या घोड्या; लग्नाच्या वरातीला आणि यात्रेत घाटाला. पंचविशीतला, हलक्या अंगाचा, घाटात नाव कमावलेला. त्या दिवशी लोक पांगल्यावर तो घोडीला पाणी दाखवून सरांपाशी आला होता.

"त्याने मला सरळ विचारलं," सर म्हणाले. "'सर, पाखऱ्याला जुंपला तर गाडा सरळ येईल ना माझ्यामागं?' मी म्हणालो, सरासरी बघता चांगलाच येईल. त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि बरं म्हणून गेला."

यात्रेच्या दिवशी गाडा सुटला तेव्हा पहिल्या निम्म्या घाटात पाखऱ्याने कमाल केली. मग त्याने उजवीकडे ओढ घेतली, पण या वेळी घोडीही त्याच बाजूने चालली होती. घोडी बाजूच्या बांधावर गेली, हमदान खाली आला आणि गाड्याचं चाक त्याच्या मांडीवरून गेलं. सरांनीच त्याला स्वतःच्या गाडीत घालून आधी मंचरला आणि तिथून पुण्याला नेलं. ऑपरेशन झालं, मांडीत सळई बसली, पाय आखूड झाला. हमदान आता घोडीवर बसू शकत नाही. जीव वाचला, तो वेळेवर नेल्यामुळे, असं डॉक्टर म्हणाले.

इथून पुढची गोष्ट सांगताना सरांना खरा त्रास झाला. गावाने सरांचा सत्कार केला. शाल, नारळ. अमजदभाईंनी भर सभेत त्यांचे दोन्ही हात धरून डोळ्यांना लावले. हमदानच्या आई, जहाँआराबी, यांनी ईदेला डबा भरून शिरखुर्मा पाठवला, आणि सरांनी तो डबा कॉलेजच्या शिपायाला देऊन टाकला. त्यांना तो खाववला नाही.

"मी वर्गात शिकवतो ना," ते म्हणाले, "की विचलनांची नुसती बेरीज केली तर ती शून्य येते. अधिक आणि उणे एकमेकांना खाऊन टाकतात. जणू कुणी कुठे चुकलंच नाही. म्हणून आधी प्रत्येकाचा वर्ग करायचा, मग कुणाची चूक कुणामागे लपत नाही. लोक माझी नुसती बेरीज करतात, मॅडम. दवाखान्यात नेलं ते अधिक, गप्प बसलो ते त्यांना माहीतच नाही. माझ्या मनात मात्र दोन्ही वेगवेगळे उभे आहेत. एकाने दुसरं पुसलं जात नाही."

"त्याला सांगितलंत?"

"गेलो होतो सांगायला. दर वेळी चहा पिऊन आलो."

मी त्यांना नको ते बोलले. चहा पिऊन प्रायश्चित्त होत असतं तर मंचरच्या स्टँडवर सगळे संतच बसलेले दिसले असते, असं काहीतरी. मग विचारलं, आत्ताच कसं एवढं वर आलं? तेव्हा कळलं की यात्रा पुन्हा जवळ आली होती. हौश्या आता कायमचा गोठ्यात, पाखऱ्याच जुंपणार हे ठरलेलं. फक्त त्याच्या जोडीला कुठला बैल, एवढा प्रश्न होता, आणि सराव होऊन गेला होता. गेणभाऊंचा निरोप होता, गोकुळ, हिशेब सांग.

"येत्या रविवारी आपण जुन्नरला जायचं," मी म्हणाले. "मी येते. या वेळी चहा मी पिईन, तुम्ही बोला." सोनलचे मार्क त्या गडबडीत राहूनच गेले.

रविवारी निघालो. जुन्नरच्या पेठेतून आत एका गल्लीत अमजदभाईंचं घर. अंगणात पांढरी घोडी बांधलेली, आणि ओसरीवर हमदान वरातीच्या झुलीला टिकल्या शिवत बसलेला. डावा पाय सरळ लांब केलेला. आम्हाला बघून तो उठायला लागला तसे सर जवळजवळ ओरडलेच, "बस, बस."

अमजदभाई एका वरातीची सुपारी घ्यायला बाहेर गेले होते. जहाँआराबी बाहेर आल्या, पदर सावरत. "सर, लई दिसांनी," त्या म्हणाल्या. आणि माझ्याकडे वळून, "मॅडम, हे न्हवते तर माझं पोरगं आज नसतं. आमी नमाजात यांचं नाव घेतो." सरांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा चहा पिऊन निघणार. मी त्यांच्याकडे रोखून बघितलं.

"हमदान, मला तुला एक सांगायचंय," सर म्हणाले. "आईंनीही ऐकावं."

त्यांनी सांगितलं. वर्गात सांगतात तसं नीट, पायरीपायरीने. पाखऱ्याच्या बाऱ्या, सरासरी, आणि सरासरीनंतर काढलेला तो दुसरा आकडा. तो बैल एक बारीआड आडवा जातो हे मला आकड्यात दिसलं होतं, तू विचारलंस तेव्हाही माहीत होतं, आणि मी लपवलं, असं त्यांनी सरळ म्हटलं. बोलून झाल्यावर त्यांना हाताचं काय करावं ते कळेना.

जहाँआराबी दाराची चौकट धरून उभ्या होत्या. थोड्या वेळाने त्या आत गेल्या आणि आत भांडं आपटल्याचा आवाज आला.

हमदानने सुईतला दोरा तोडला. "सर, मला ठाऊक व्हतं," तो म्हणाला.

"काय?"

"पाखऱ्या आडवा जातो त्ये. सरावाला त्याच्या म्होरं कोण व्हतं? मीच ना. मागं काय चाललंय त्ये घोडीच्या कानावरनं कळतंय. त्याला आकडा कशाला लागतोय."

सर त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, त्यांना जरा हलकं वाटेल. चूक एकट्याची नव्हती म्हटल्यावर माणसाला वाटतं तसं. मी अजून त्यांना ओळखत नव्हते, आणि हमदानलाही नाही.

"ठाऊक होतं तर मला का विचारलंस?" सरांनी विचारलं.

"मी नको म्हणलो असतो तर हमदान घाबरला म्हणले असते, सर. पुना कुठल्या गाडामालकानं मला घोडी घिऊन बोलावलं नसतं. ह्यो आमचा धंदा हाय." त्याने झूल मांडीवरून बाजूला केली. "तुमी नको म्हणला असता तर त्ये हिशेब म्हणले असते. कुणी काय बोललं नसतं. म्हणून मी तुमच्याकडं आलो व्हतो. मला वाटलं, सर शिकलेले हायेत, त्येंच्या तोंडून निघंल."

सरांचा चेहरा मला बघवेना. इतके दिवस ते आपण एक आकडा लपवला या ओझ्याखाली होते. समोरचा माणूस आकडा मागायला आलाच नव्हता, सुटका मागायला आला होता, हे त्यांना आत्ता कळत होतं. त्यांना लाज वाटत होती आणि मला त्यांची दया येत होती. रागही येत होता, तोही खरा.

हमदानने मात्र पुढचं विचारलं. त्याचा आवाज साधाच होता. "औंदा पाखऱ्याच हाय का?"

"हो."

"घोडीवर कोण?"

"ऋतिक. आमच्याच गावचा. नवीन आहे."

"त्यो आला व्हता का तुमच्याकडं इचारायला?"

सरांनी मान हलवली. मी त्यांच्याकडे बघितलं. मला हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

"काल संध्याकाळी आला होता," ते शेवटी म्हणाले.

"मग काय सांगितलं?"

"सरासरी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आजच इकडे यायचं ठरलेलं असताना, वर्षभर पोरांचे मार्क कापल्यावर, काल संध्याकाळी या माणसाने पुन्हा तेच केलं होतं. "नाना शेजारी बसले होते," सर पुटपुटले. "सगळे माझ्याकडे बघत होते." मी तोंड उघडलं, पण हमदानने हात वर केला आणि मी थांबले. तिथे बोलायचा हक्क माझा नव्हता.

हमदान भिंतीला धरून उभा राहिला. काठी घेतली नाही. एक पाय ओढत तो सरांच्या पुढ्यात आला, आणि लुंगी वर करून त्याने मांडीवरचा टाक्यांचा लांब वण त्यांना दाखवला. मग लुंगी खाली सोडून म्हणाला, "आता लावा फोन. माझ्यासमोर लावा."

सरांनी फोन काढला. अंगणाच्या कोपऱ्यात, घोडीपलीकडे जाऊन उभे राहिले. ऋतिकने फोन उचलला ते आम्हाला कळलं, कारण सर "हां, ऋतिक" म्हणाले आणि पुढे काहीच म्हणाले नाहीत. पलीकडून तो पोरगा "सर? हॅलो, सर?" करत असणार. जहाँआराबी पुन्हा दारात येऊन उभ्या होत्या.

"ऋतिक," सर म्हणाले, "मी तुला काल अर्धंच सांगितलं. तू घोडीवर बसू नकोस. नानांना मी सांगतो. कुणी विचारलं तर गोकुळ सरांनी नको म्हटलं म्हणून सांग. माझं नाव घे."

हमदान खाली बसला. त्याने झूल पुन्हा मांडीवर ओढली, आणि सुईत दोरा ओवताना त्याला नीट दिसेना, म्हणून जहाँआराबींनी सुई त्याच्या हातातून घेतली.